आप्पांचे कान

विज्ञान प्रदर्शनाला काय करायचं, असं नववीत विचारलं की निम्मा वर्ग ज्वालामुखीच म्हणतो, बरं का. गेल्या वर्षी मात्र शहापूरची विद्या उठली. "मॅडम, आमचे आप्पा यंत्रमागाच्या खडखडाटात काम करतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण ते मानतच न्हाईत. मागवाल्यांचे कान तपासूया का?"

पद्धत तिनंच काढली. टिकटिकणारं घड्याळ घेऊन एकेक पाऊल मागं सरकायचं आणि आवाज कुठं बंद होतो ते लिहायचं. आधी शिपाईमामांवर करून बघितलं. त्यांना अगदी दारापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आप्पाच शाळेत आले. "माझं कान प्रदर्शनात मांडणार व्हय, मॅडम?"

मी खुर्ची पुढं सरकवली. विद्या म्हणाली, "नाव न्हाय लिहिणार, आप्पा. एकदा बघूया तरी."

ते नाइलाजानं खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. विद्या तिसऱ्या पावलाला पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "घड्याळ बंद पडलं काय गं?"

"चालू हाय, आप्पा."

ते उठून गेले. मला वाटलं, संपला हा प्रयोग.

सोमवारी ते परत आले, बरोबर मागावरचे चार सोबती घेऊन. विद्याला म्हणाले, "हे म्हणत्यात, आमाला चांगलं ऐकू येतंय. ह्यांचं बी मोज गं. मग सगळेच मिळून डॉक्टरकडं जातो."