झोपण्याआधी, रोज

मंत्र म्हणता म्हणता आमचे हे गंगेत पडले. बसल्या बसल्या झोप लागली, तोंडातला मंत्र अर्धा राहिला, आणि दुर्गाघाटाच्या शेवटच्या पायरीवरून सरळ पाण्यात, जाताना कपाळ होडीच्या काठावर आपटलं. यजमान नागपूरचे, बापाचं श्राद्ध करायला आलेले, ते ओरडायला लागले की भांग पिऊन बसलाय हा. होडीवाल्या मल्लाहानं धोतराला धरून बाहेर ओढलं, कपाळातून रक्त गळतंय, आणि हे मला विचारतात, अगं, मंत्र कुठपर्यंत आला होता.

मी इथलीच, काशीतल्या ब्रह्माघाटची, चौथी पास. यांना लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेले, असे गेले की तोंड सूर्याकडे केलं तरी उजेड कळत नाही. कानांनी ऐकून सगळं पाठ केलं आणि घाटावर श्राद्धं सांगायला लागले. लग्न झाल्यापासून बघत आले, काही दिवस हे माणसासारखे झोपायचे, माणसासारखे उठायचे, मग झोप जरा जरा पुढे सरकायची, सरकता सरकता दिवसा घोरणं आणि रात्री टक्क जागं, आणि मग फिरून पुन्हा ठिकाणावर. रात्री जागून जप करायचे तेव्हा गल्लीतले लोक सिद्धपुरुष म्हणून पाया पडायचे. दिवसा पेंगले की तेच लोक म्हणायचे, गुरुजी भांग जरा कमी घ्या. काय सांगू तुम्हाला, बनारसमध्ये जन्म गेला पण या माणसानं भांग जिभेला लावली नाही. आमच्या वन्स म्हणायच्या, वहिनी, दादा कुंभकर्ण आहे. मी म्हटलं, वन्स, कुंभकर्ण निदान नेमानं झोपायचा.

तर पडल्यावर घाटावरच्या मोठ्या गुरुजींनी, म्हणजे कोणी कुठलं श्राद्ध सांगायचं ते ठरवायचे ते, त्यांनी सांगून टाकलं, आता तू घाटावर बसू नकोस, बुडालास तर पाप आमच्या माथी. झालं. हे कोपऱ्यात बसले. ताट वाढलं तर म्हणायचे, मंत्र सांगत नाही तर जेवायचं कशाला. मी म्हटलं, मी कुठे मंत्र सांगते, मी जेवतेच ना. तरी दोन घास खाऊन ताट सरकवायचे. गालफडं बसली. मला भीती वाटली, आता हा माणूस असाच जाणार.

टाके काढायला इस्पितळात नेलं तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुणच होत्या, त्यांनी विचारलं पडले कसे, मी म्हटलं झोपून पडले, तर त्या हसल्या नाहीत. कधी झोपतात, कधी उठतात, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, माताजी, उजेड डोळ्यांतून आत जातो तेव्हा शरीराला कळतं दिवस कुठला आणि रात कुठली, यांना उजेडच नाही, म्हणून आतली घडी, म्हणजे घड्याळ, रोज थोडी मागे पडते. यांचा दोष नाही. हे ऐकून हे रडायला लागले. मी म्हटलं, रडता काय, औषध विचारा. तर मेलाटोनिन नावाची गोळी आहे म्हणाल्या, शरीराला रात झाल्याचं सांगणारी, पण इथे मिळायची नाही. वन्सांचे जावई अमेरिकेत, ते येताना घेऊन आले. बाईंनी बजावलं होतं, सोने से पहले, रोज.

आता हे पडले वैदिक, गुरूचा शब्द आहे तसा पाळणारे. झोपण्याआधी म्हणजे झोपण्याआधी. झोप सकाळी आली तर सकाळी गोळी, दुपारी आली तर दुपारी गोळी, आणि मी पाणी हातात देत होते. व्हायचं काय? होतं ते आणखी बिघडलं. बाईंना जाऊन सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला, गुरुजी, झोप बघून नाही, घडी बघून घ्यायची, झोप येवो न येवो. हे म्हणाले, मला घडी कुठली दिसायला. मग ठरलं, रेडिओवरच्या रातच्या बातम्या संपल्या की गोळी. दिवसा निजू लागले की मी हलवून उठवायची, ते शिव्या द्यायचे, मीही द्यायची. एकदम काही झालं नाही. पुष्कळ दिवस गेले, मग एकदा पहाटे स्वतःहून उठले, आणि दुसऱ्या दिवशीही उठले, आणि ती झोप तिथेच राहिली, सरकली नाही.

मोठ्या गुरुजींनी परीक्षा म्हणून एक श्राद्ध दिलं. मी मागच्या पायरीवर बसले, पेंगले की पाठीत बोट खुपसायचं म्हणून. तर मलाच झोप लागली. इतक्या वर्षांचं जागरण होतं माझंही. हे उठवायला आले, अगं ऊठ, पिंड सोडूनसुद्धा झाले, लोक हसतायत.

आता हे रोज जातात घाटावर. गोळी जन्मभराची आहे. डोळे काही आले नाहीत, येणारही नाहीत. पण दोघंही भाकरी खातो, रात्री झोपतो. हे आहेत आणि मी आहे.