हायड्रोजनच्या गाडीला ऊद

नाही, पण मला एक सांगा, पाहुणे येणार म्हणून घर धुपवतात, कपडे धुपवतात, इथवर ठीक आहे... गाडी कुणी धुपवतं का? आणि तीसुद्धा हायड्रोजनची!

तुम्हाला सांगते, आमचा सिराजुद्दीन रत्नागिरीहून सौदीत यान्बूला आला तो रिफायनरीत लागायला, आणि लागला कुठे, तर पेट्रोलशिवाय गाडी कशी पळेल ते शोधायच्या कामाला. तेलावर बसलेला मुलूख, पण सरकार म्हणालं शोधा, आम्ही पाठीशी आहोत. दोन वर्षं राहिलंही. मग रियाधहून निरोप आला की समिती येतेय, गाडी आवारात फिरवून दाखवा, फिरली तर मदत चालू, नाही तर खलास. काम खलास म्हणजे इकामा, तिथे राहायचा परवाना, खलास, म्हणजे बायकोपोरांसकट गाशा गुंडाळून परत. त्या सकाळी त्याच्या बायकोने, बिलकिसने, चहा गाळता गाळता विचारलं, "इफराचं नाव पुढच्या वर्गात घालू की थांबू?" बिचारा चहा तसाच ठेवून बुटांत पाय घालायला लागला.

बरं, गाडी आठ दिवस रोज फिरत होती हो, एकदासुद्धा कुरकुर नाही! समितीचे मोठे साहेब, अबू मुआज, मागच्या सीटवर ऐसपैस बसले, बाकीचे सावली धरून उभे. सिराजने बटण दाबलं. गाडी घूं करून गप्प. समोर लाल दिवा. गॅस गळतोय.

साहेबांना खाली उतरवलं, नळ्या तपासल्या, सांधे तपासले, कुठे काही नाही. मग मागच्या दारातून डोकं आत घातलं... आणि ऊदाचा असा भपकारा, की निकाहाचा मांडव बरा!

आता हा ऊद कुणाचा? उसामाचा. उसामा म्हणजे या कामाचा मुख्य, इथलाच, लाघवी माणूस. पाहुणा बिनवासाच्या गाडीत कसा बसवायचा म्हणून समिती यायच्या दहा मिनिटं आधी त्याने निखाऱ्यांचं धुपाटणं गाडीत चारी कोपऱ्यांना फिरवलं, काचा लावून टाकल्या. गाडीत गॅस हुंगायची यंत्रं, त्यांना निखाऱ्याचा धूर काय नि गळती काय, सारखंच. केली गाडी बंद.

पण हे सांगायचं कुणी? सांगावं तर उसामाची त्याच्याच माणसांत मान खाली, आणि सिराजच्या इकाम्याच्या कागदावर दरसाल सही त्याचीच. न सांगावं तर गाडी नापास. साहेब रुमालाने मान पुसतायत, एक जण घड्याळ बघून म्हणतो, "यल्ला, निघू या का?" सिराजने चारी दारं उघडली, म्हणाला जरा हवा खेळू दे. कसली हवा? उन्हाच्या झळा नुसत्या. सांगायचं कुणी हो?

आणि उसामाला काय वाटलं माहितीये? पाहुण्यांसाठी घातलेला वास निघून चालला. गेला आणि धुपाटणं पुन्हा फुलवून, फुंकर घालत, हसतमुखाने गाडीकडे निघाला!

"उसामा, थांब. ती आग घेऊन इकडे येऊ नकोस."

झालं. निघालं तोंडातून. उसामाचं हसू जागच्या जागी वाळलं. सिराजने मग मान खाली घालून सगळं सांगितलं, धूर, यंत्र, सगळं.

अबू मुआजनी विचारलं, "आणि खरंच गॅस गळला असता तर?"

"तरी अशीच बंद पडली असती."

म्हातारा पुढे झाला, उसामाच्या हातातलं धुपाटणं घेतलं, सावकाश स्वतःच्या दाढीखाली फिरवलं आणि त्याच्याच हातात परत दिलं. तेव्हा कुठे उसामाने श्वास सोडला. पाव तासाने वास विरला, गाडी चालू झाली, आवारात तीन फेऱ्या.

मदत मिळाली बरं का, आणखी एक वर्ष. पण अटीवर. साहेब म्हणाले, या देशात पाहुणा बसणार त्या गाडीत ऊद लागणारच, तेव्हा तुमच्या गाडीला ऊद आणि गळती यातला फरक कळला पाहिजे, आधी ते शोधा.

झालं... अठरा वर्षं शिकलेला माणूस आता सकाळी आठपासून गाडीत धूप घालत बसतो, हा ऊद, तो ऊद, थोडा धूर, जास्त धूर, वहीत लिहितो. संध्याकाळी नवरदेवासारखा घमघमत घरी येतो. दार उघडत बिलकिस विचारते, "आज कुणाचं लग्न?"

तो मोजे काढत म्हणतो, "ऑफिस."