एक पळी तेल

क्लिफर्ड : अरे बाळा, बंद कर, बंद कर आधी! गल्लीच्या तोंडापासून ऐकतोय मी तुझी गाडी. उद्या घरात पोरीचं लग्न, पाहुण्यांना वाटायचं बँडवाले आजच आले.

बाळा : काय ऐकतोयस? मी तर तुला दिवा दाखवायला आणली. हा बघ, बॅटरीचा लाल दिवा. मरोळ नाक्यावर वळलो की लागतो, मग विझतो. स्टिअरिंगपण मध्येच जड होतं.

क्लिफर्ड : आणि आवाज?

बाळा : आवाज कसला? जुनी गाडी आहे, जरा खडखडणारच.

सुगंधा : क्लिफर्ड भाऊजी, तुम्ही बॉनेट उघडून बघा ना आधी.

क्लिफर्ड : बघतो वहिनी. बाळा, चालू कर. एसी लाव. हेडलाइट लाव. बास! बास यार, छपरावरची मांजर पळाली! बेल्ट घसरतोय तुझा. पुलीला धरत नाही म्हणून किंचाळतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नीट फिरत नाही, म्हणून तो दिवा.

बाळा : किंचाळतो म्हणे! तूपण आता आमच्या सोसायटीतल्या अक्षतासारखं बोलायला लागलास. रोज सकाळी म्हणते, काका, तुमच्या गाडीने जाग येते. चेष्टेखोर पोरगी.

सुगंधा : अहो, त्यांना काम करू द्या ना.

क्लिफर्ड : दाबून बघतो. ढिला आहे. नुसता ढिला असता तर ताणून दिला असता. पण हा ओला का? वरून इंजिन ऑइल गळतंय की काय? नाही, वर सगळं कोरडं. बेल्टच तेवढा चपचपीत, रबर फुगलंय. हा गेला, बाळा. थांब, काढून देतो, कोपऱ्यावर देवव्रतच्या दुकानात हाच दाखव आणि असाच नवा घेऊन ये.

बाळा : सुगंधा, येतेस?

सुगंधा : तुम्ही या जाऊन. शनिवारचा उपास आहे, मला ऊन नको.

(बाळा जुना बेल्ट घेऊन कोपऱ्याकडे जातो.)

क्लिफर्ड : वहिनी, हे गाडीचं तेल नाही. वास घेतला मी.

सुगंधा : तिळाचं आहे.

क्लिफर्ड : तिळाचं?

सुगंधा : दर शनिवारी मारुतीला वाहून बाटलीत थोडं उरतं ना, त्यातलं. एक पळी. दाराची बिजागरी करकरली की घालतो, तसं. गाडी बंद असताना हो! हे आंघोळीला गेले की मी खाली यायचे. पहिल्या शनिवारी दोन दिवस गप्प बसली. मग एकच दिवस. आज तर बसलीच नाही.

क्लिफर्ड : देवा रे! वहिनी, बिजागरीला सरकायचं असतं. बेल्टला धरून राहायचं असतं. त्यालाच तुम्ही तेल पाजलंत? एक फोन करायचा ना मला.

सुगंधा : तुम्ही आवाज ऐकला असता, तर यांना विचारलं असतंत.

क्लिफर्ड : मग? विचारणारच ना, इतके दिवस काय झोपला होतास म्हणून... थांबा. त्याला ऐकूच येत नाही?

सुगंधा : बोललेलं येतं. हॉर्न येतो. बारीक, टोकदार आवाज गेलेत. कुकरची शिट्टी गेली. देवघरात मी घंटा वाजवते, तेव्हा माझ्या हाताकडे बघून हात जोडतात. अक्षता बोलली की हे हसतात. ती चेष्टा करत नाही, हे मला कळतं. म्हटलं, आवाजच थांबला तर कुणी काही बोलायचं नाही.

क्लिफर्ड : आणि उद्या माझ्या व्हॅलेन्सियाला चर्चमध्ये तो नेणार आहे.

सुगंधा : म्हणून तर. तिच्या बाप्तिस्म्याला यांनीच गाडी चालवली होती. तेव्हाच म्हणाले, लग्नालापण मीच नेणार. महिनाभर गाडी पुसतायत. भाऊजी, पोर तुमची आहे, तुम्ही ठरवा. मी रागावणार नाही. फक्त सांगायचं झालं तर हळू सांगा.

बाळा : काय हळू सांगायचं?

सुगंधा : आलात पण?

बाळा : दुकान काय पुण्याला आहे? हा घे बेल्ट. काय झालं रे?

क्लिफर्ड : आधी पुल्या पुसायच्या. तेलाचा थेंब राहिला तर नवापण घसरेल. वहिनी, हा पेट्रोलचा फडका. खाचा तुम्हीच साफ करायच्या. प्रायश्चित्त समजा.

सुगंधा : द्या इकडे.

बाळा : तिला कसलं प्रायश्चित्त?

क्लिफर्ड : बाळा, बेल्ट खरंच किंचाळत होता. सगळ्या सोसायटीला ऐकू येत होता, तुला नाही. तुला कुणी काही म्हणू नये, म्हणून वहिनी त्यावर तेल घालत होत्या.

बाळा : सुगंधा?

सुगंधा : चुकलं माझं.

बाळा : मला वाटलं आपला कुकरच बिघडलाय. दोनदा शिट्टी बदलून आणली मी.

सुगंधा : दोन्ही जपून ठेवल्यात. वाजतात चांगल्या.

बाळा : क्लिफर्ड, उद्यासाठी दुसरा कुणी बघ. तुझा भाचा आहे ना, पॉल. पोरीचा जीव मोठा, माझी हौस नाही.

क्लिफर्ड : पॉल उद्या दुपारपर्यंत सरळ उभा राहिला तरी मी मेणबत्ती लावीन! ही पहार धर. अल्टरनेटर बाहेर रेट. अजून. असाच धर, बोल्ट आवळतो. आता अंगठ्याने दाब बेल्ट. किती जातो आत?

बाळा : अर्धं बोट.

क्लिफर्ड : झकास. चालू कर. एसी, दिवे, सगळं लाव.

बाळा : सुगंधा, ओरडतो का गं?

सुगंधा : नाही हो. अगदी शांत आहे.

बाळा : लाल दिवापण गेला.

क्लिफर्ड : आता ऐक. हॉर्न तुला ऐकू येतो, आरशात तू माझ्यापेक्षा जास्त बघतोस. उद्या तूच नेणार. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे मी तुला नेणार, तिथे नाटकं नकोत. आणि उद्या वहिनी पुढे बसतील तुझ्याशेजारी. बारीकसारीक काही वाजलं तर त्या सांगतील.

सुगंधा : इश्श, मी नवरीच्या गाडीत?

बाळा : अरे, पुढे नवरीचा बाप बसतो ना. माझ्या गाडीत तू कधी मागे बसलायस?

क्लिफर्ड : उद्या बसेन, पोरीजवळ. आणि रडूच आलं तर बारीक रडेन, बाळा. तुला ऐकू जाणार नाही.