भामानं दिलेला आवाज

खरं सांगतो, त्या दिवशी हातातली कॉफी प्यायचं मी विसरूनच गेलो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहणारे मराठी; माझी बहीणही इथं कुंभकोणमलाच राहते. तिच्या दोन मुली, नऊ वर्षांची भामा आणि चार वर्षांची रुक्मा. त्यांच्या आवडत्या तमिळ कार्टूनमधली राजकन्या रोज राक्षसाच्या हाती सापडते आणि राजपुत्र येईपर्यंत रडत बसते. ते बघून बघून रुक्मा एकटी झोपाळ्यावरही चढेना. 'मुली पडतात, मुलगे उचलतात,' म्हणायची.

त्या संध्याकाळी मी गेलो, तर भामानं टीव्हीचा आवाजच बंद केलेला. राजकन्येचे ओठ हलले की ही आपल्या घरच्या जुन्या मराठीत बोलायची, "मज सोडवायास कोणी नको! दोरी मीच तोडते. राजपुत्रा, तू घोडा धर!"

ओठांची एकही हालचाल चुकत नव्हती. मी थक्क होऊन बघत राहिलो.

शेवटी रुक्माला हळूच विचारलं, "अगं, पण ती तर रडतेय ना?"

रुक्मानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाही मामा. ती काय बोलते, ते टीव्हीवाल्यांना कळतच नाही. फक्त अक्काला कळतं."