हिरडीला लावलेला रंग

…न्हाय, हसा तुमी, हसा, पर आधी मला एक सांगा, रंगात असं असतं तरी काय? बीट लाल, गाजर नारंगी, पालक हिरवा, वांगं जांभळं… असू दे की! देवानं दिला असंल बघायला. पर त्योच रंग पोटात जायाचा, तितनं कसा कुणाला ठावं वर चढायचा आन् हिरडीला बरं करायचा, हे माझ्या डोक्यात काय शिरंना. शिरलं न्हाय म्हून तर हे आसं झालं! ई… दिसतंय का? हितं, म्होरं. दोन दातांची जागा मोकळी. 'ऊस' म्हणलं की शिट्टी वाजती!

तुमाला सांगतो, मी निमगाव केतकीचा जोतीराम, ऊसवाला, आन् ते काय साधं दात नव्हतं! ऊस तोडणीला आलाय का न्हाय, हे आमच्याकडं माझ्या दाताला इचारायची पद्धत. कारखान्याचा माणूस यायचा, यंत्रात रस घालायचा, आकडा सांगून जायाचा, आन् त्यो गेला की श्येजारचा बिरू कांडं घिऊन हजर. "आबा, जरा चावून सांगा की!" मी बुडखा चावायचा, शेंडा चावायचा, डोळं मिटून घ्यायचं… सगळी माझ्या तोंडाकडं बघत. मग म्हणायचं, "बिरू, अजून गोडी उतरली न्हाय. थांब." थांबायचा बिचारा! गावातला माझा सगळा मान ह्या दातांवर उभा हुता.

आन् औंदा हंगामाच्या तोंडाला बुडखा चावला, तर रसात रगात! म्होरलं दोन दात खुट्ट्यावानी हलायलेलं. बिरू म्हणला, "आबा, उसाला रोग पडला काय?" म्हणलं, "उसाला न्हाय रं, मला!"

मग मुक्ताबाईनं, म्हंजी आमच्या मंडळींनी, मला येष्टीत घातलं आन् बारामतीला नेलं. तिच्याबी हिरड्या सुजलेल्या, चूळ भरली की लाल. मिश्री आमी दोघंबी लावायचो ना! दाताची डाक्टरीण योगिनीताई, पोरसवदा, पर नजर फौजदाराची. दोघांचं दात खरडून काढलं, दगडं निघाली दगडं! मग म्हणती, "मिश्री आजपासून बंद. दोन वेळा ब्रश. आणि आजोबा, जेवता काय?"

"भाकरी, दूध, भात, पिठलं, च्या."

"चहात साखर किती?"

आता हे काय इचारणं झालं? आमी कारखान्याचं सभासद, साखर घरात पोत्यानं!

"शेतात काय लावता?"

"ऊस."

"आणि भाजी?"

"ती बाजारात असती की!"

ताई हात कपाळाला लावून म्हणती, "मग आजोबा, ताटात रंग कुठाय?" तर आमची मुक्ताबाई, "टीव्ही रंगीत घेतलाय औंदा, ताटाकडं कोण बघतंय!" आता हे तितं बोलायचं व्हतं का?

ताईनं समजावून सांगितलं, मी काय न्हाय म्हणत न्हाय. "गाजर, पालक, बीट, डाळिंब, सालीसकट वांगं, हे सगळं खा. झाडं ऊन सोसायला, स्वतःला जपायला हे रंग तयार करतात, तेच आपल्या हिरड्यांची सूज उतरायला मदत करतात. जादू नाही हं, ब्रश हवाच. महिन्यानं या. तोवर हिरड्या आवळल्या नाहीत तर हे दोन दात काढावे लागतील."

काढावे लागतील!

परतीच्या येष्टीत मी इचारच करत बसलो. रंगात असं असतं तरी काय? श्येजारच्या बाईच्या पिशवीत बीट हुतं, एक मागून घेतलं. हुंगलं. नख रुतवलं. बोट लाल! धोतराला पुसलं, धोतर लाल! घरी येऊन धुतलं, तरी डाग जाईना. म्हणलं आयला, जो धोतर सोडंना, त्यो हिरडी काय सोडतोय!

आन् मला सांगा, उसाला खत कुठं घालता? बुडात! का बैलाला चारता आन् म्हणता पोचंल उसाला? मग दुखणं हिरडीचं आन् औषध पोटाला, ही कुठली तऱ्हा? मिश्री आमी बोटानं लावली, कोळसा बोटानं लावला, मीठ-तेल बोटानं लावलं. दाताचं म्हून जे जे काय हाय, ते बोटानंच लागतं! म्हणलं, डाक्टरीण चुकली. नवी हाय, शिकंल.

झालं! सकाळी बिटाचा रस हिरडीला. दुपारी पालक. सांजच्याला हळद. डाळिंबाची साल पाट्यावर वाटून चांगली दाबून लावायची, आन् वांग्याचं साल गालफाडात धरून बसायचं, तंबाखूवानी. ब्रश? ब्रश केला तर एवढा लावलेला रंग निघून जाईल की वो! म्हून ब्रश बंद. बाजारात कौसल्यावहिनी म्हणती, "भावजी, पान कवापासनं खायाला लागला?" बिरूचं कुत्रं तर मी हसलो की मागं सरायचं.

मुक्ताबाई रोज वरडायची, "अवं, खायाचं सांगितलंय, चोळायचं न्हाय!" म्हणलं, "तू गप. तुला ह्यातलं शास्त्र कळत न्हाय." आन् रस मी न्यायचा, मागं चोथा उरायचा. टाकून देईल ती मुक्ताबाई कसली! बिटाचा चोथा थालपिठात, पालक डाळीत, वांगं कालवणात. डाळिंबाची साल माझी, दाणं तिचं. पुन्हा दोन वेळचा ब्रश. मला कशाला ध्यानात येतंय!

महिन्यानं गेलो. ताईनं आधी तिचं तोंड बघितलं. "वा आजी! सूज गेली, रक्त थांबलं!" मग मला म्हणली, "आ करा." मी केला. ताईनं दिवा जवळ वडला. "आजोबा… हे काय?" मी सगळं इस्कटून सांगितलं, बैलाच्या दाखल्यासकट. ताई हसली, हसली, पार डोळं पुसलं. मग दात हलवून बघितलं आन् हसायची थांबली. "हे आता राहत नाहीत."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. दुखंल म्हून न्हाय वो. बिरू आता कांडं कुणाकडं घिऊन जाईल, ह्या इचारानं.

कुणाकडं जाईल? मुक्ताबाईकडं! ती बुडखा चावती, डोळं मिटती, आन् मी कडंला उभा राहून चिपाडं गोळा करतो!

मग जखम भरल्यावर खोटं दात बसवायला पुन्हा बारामती. ताईनं एक पट्टी काढली, तिच्यावर ओळीनं दात, दुधावानी पांढऱ्यापासनं पार पिवळ्यापतूर. म्हणली, बाकीच्या दातांशी रंग जुळाया पायजे. एकएक माझ्या दाताजवळ धरती, मान हलवती. ह्यो न्हाय. ह्योबी न्हाय. पट्टी सपली! खुर्चीत टेकून म्हणती, "आजोबा, माणसाच्या दातांचे जेवढे रंग असतात तेवढे सगळे आहेत यात. तुमचा नाही."

जाऊ द्या. शिट्टी तेवढी चांगली वाजती.