अजून दोन बोटं

(पिंपरी पेंढार, प्लेगाला तीन वर्षं झालेली. बाळंतिणीची खोली. सून सारजा अडलेली. सासू ठकूबाई. पिंपळवंडीहून बैलगाडीनं आत्ताच आलेली सुईण रहिमाबी.)

रहिमाबी : ...पन सकाळपासून ‘आलं, आलं’ कशापायी सांगताय हिला?

ठकूबाई : जोर यावा म्हणून. हिची सुटका व्हावी म्हणून पेटीचं कुलूप काढलं, हिच्या वेणीची गाठ सोडली, मालकांचं पागोटंबी सोडलं. बोडक्यानं बसलेत ओट्यावर. आता घरात सोडायला काय उरलं न्हाई.

रहिमाबी : मग तोंड तेवढं बांधा.

सारजा : मावशी, मागल्या खेपेलाबी आत्याबाई दोन दिस ‘आलं, आलं’ करत व्हत्या. आलं तवा गार व्हतं.

ठकूबाई : मला काय ठावं व्हतं, पोरी?

सारजा : खरं सांगा. ह्येबी गेलंय का?

रहिमाबी : न्हाई, बेटी. आत्ताच माझ्या हाताखाली हललं. पन लई वेळ न्हाई. हात दे तुझा.

ठकूबाई : अगं बया! बाळंतिणीनं तिथं हात लावायचा नसतो!

रहिमाबी : मग तुमचा लावू? ...हां सारजा, लागले केस? डोकं अजून दोन बोटं आत हाय. कळ आली? हनुवटी छातीला. घशात नको, खाली रेट. खाली!

सारजा : आलं?

ठकूबाई : आ...

रहिमाबी : ठकूबाई! न्हाई आलं. एक बोट सरकलं, अन् परत मागं गेलं.

सारजा : मागं?

रहिमाबी : तुझ्या हाताला विचार.

सारजा : ...व्हय. गेलं. मंजी पुढं आलतं, ते खरं व्हतं.

रहिमाबी : खरं व्हतं. आता दम खा. कळ नसताना जोर वाया घालवू नको.

सारजा : आली! आली कळ!

रहिमाबी : हात तिथंच ठेव. रेट. वर चाललाय जोर, खाली आण... आता बरोबर. असाच. आणिक.

सारजा : मावशी, हाताला भरतंय! डोकं!

रहिमाबी : बस्स, जोर बंद. फुंकर घाल, चुलीला घालतीस तशी. हळू... बिस्मिल्ला. सुटलीस.

सारजा : रडत का न्हाई?

रहिमाबी : मानेला नाळंचा वेढा व्हता. काढलाय. पाठ चोळतीय. अजून रडलं न्हाई.

सारजा : आत्याबाई, तुमी तरी बोला की.

ठकूबाई : काय बोलू? अजून न्हाई गं, पोरी. ...अजून न्हाई. ...थांब. तूच ऐक.