पितळी गणपती कूलरमध्ये कसा आला याबाबत

नाव: आसावरी त्र्यंबक बारटक्के. वय: ७३ वर्षं. धंदा: घरकाम, लग्नापूर्वी सातारा जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात चार वर्षं कारकून. राहणार: लेकीच्या घरी, टाउनहाउस नंबर १४, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. मूळ गाव सातारा.

मी आज दि. ३१ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून, स्वतःच्या हाताने लिहून देते की, इथे मला एक छापील फॉर्म देण्यात आला. त्यात काय घडलं ते लिहायला आठ ओळी आहेत. आठ ओळींत आमच्याकडे म्हैस हरवल्याची तक्रारसुद्धा मावत नाही. म्हणून मी कोरे कागद मागून घेतले. ऑफिसर देवांग इथेच जन्मलेले, आईवडील सांगलीचे. मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. मी लिहायचं, मोठ्यांदा वाचून दाखवायचं आणि त्यांनी इंग्रजीत उतरवून घ्यायचं असं ठरलं आहे. दर पाच मिनिटांनी ते मला 'काकू, जस्ट फॅक्ट्स लिहा' असं सांगतात. मी खुनाचे जबाब नकलून दिलेली बाई आहे. फॅक्ट म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

माझे जावई नकुल घाटपांडे, वय ४६, यांना काल रात्री सव्वानऊला इथे आणलं. त्यांनी माझ्या पतींच्या डोक्यात पितळी गणपती घातला असा त्यांच्यावर संशय आहे. गणपतीचं वजन सव्वा किलो आहे, पतींना सात टाके पडले आहेत. जावयांचं म्हणणं असं की, त्यांनी फक्त पाणी ओतलं. गणपती वरच्या मजल्यावरच्या देवघरातला, तो खाली कसा आला हे त्यांना माहीत नाही. यावर इथे कोणाचा विश्वास बसलेला नाही. १८ नोव्हेंबरला त्यांची सिटिझनशिपची मुलाखत आहे. बारा वर्षं अर्ज करायचा आळस केला आणि आता कुठे केला. म्हाताऱ्या सासऱ्याला मारलं असं नावापुढे लागलं तर सगळं संपलं, असं माझी मुलगी सीमा हिने मला तीनदा सांगितलं आहे.

सदर प्रकार बेसबॉल नावाच्या खेळावरून घडला. या खेळात नऊ माणसं मैदानात उभी राहतात, त्यातला एक चेंडू टाकतो आणि बाकीचे सूर्यफुलाच्या बिया चघळून थुंकतात. तीन जण आऊट झाले की एक इनिंग संपते, अशा नऊ इनिंग, म्हणजे हे तीन तास चालतं. शेवटच्या स्पर्धेला वर्ल्ड सीरिज म्हणतात. वर्ल्ड म्हणजे हा देश आणि शेजारच्या कॅनडातली एक टीम. टीमचं नाव इथे लिहिण्याची मला गरज वाटत नाही. ते आमच्या घरातल्या टोप्यांवर, मगांवर, टॉवेलांवर आणि पायपुसण्यावर आहे, तिथे जाऊन वाचावं.

माझे पती त्र्यंबक बारटक्के, वय ७८, पुलांचे इंजिनियर होते. १९८१ साली आम्ही इकडे आलो. ऑफिसातल्या कोणीतरी ह्यांना एक मॅच दाखवली आणि तेव्हापासून हे लचांड माझ्या मागे लागलं. मागे टीम जिंकली तेव्हा हे साताऱ्याला माझ्या सासऱ्यांच्या उशाशी बसलेले होते, त्यामुळे ते बघायचं राहिलं. बाकी सगळं हरणं मात्र एकही न चुकवता पाहिलं. टीम हरली की हे टोपी काढून टीपॉयवर ठेवतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." चाळीस वर्षं मी हे एकच वाक्य ऐकते आहे. जावई नागपूरचे. ते लग्नाआधी क्रिकेट बघायचे, ते निदान चारचौघांत बोलता येण्यासारखं होतं. ह्यांनी त्यांनाही नादाला लावलं.

दोघेही इंजिनियर. तरी फायनलच्या आठवड्यात ह्यांनी टोपी धुवू दिली नाही, कारण त्या मळात म्हणे रन आहेत. नकुल सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून असला की होमरन, म्हणजे त्यांचा षटकार, लागतो, म्हणून तो काल पाच वाजल्यापासून तिथून हलला नाही. मागच्या मॅचला सीमा दाराशी उभी असताना तीन रन झाले होते, म्हणून काल तिला दाराशीच उभं ठेवलं. तिचे पाय सुजतात. मी म्हटलं, "अहो, शिकलेली माणसं ना तुम्ही? तुमच्या मळक्या टोपीने तिकडे चेंडू वळणार आहे का?" हे म्हणाले, "तू नको ना बोलूस. तू बोललीस की आऊट होतो." नकुल म्हणाला, "आई, प्लीज, फक्त आजचा दिवस." अशा माणसांच्या हातून या देशात पूल बांधले जातात आणि बँकांचे कॉम्प्युटर चालतात.

दुपारी साडेतीनला नकुलने गॅरेजमधला नारिंगी कूलर आणला. तो पिंपासारखा असतो आणि वर झाकण असतं. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरून बर्फाच्या दोन पिशव्या रिकाम्या केल्या आणि पॅटिओच्या, म्हणजे मागच्या अंगणाच्या, दाराबाहेर बाकावर ठेवला. मला वाटलं, सरबत करायचं असेल. नंतर कळलं की इथे जिंकलेल्या माणसाच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओततात. हा इथला सत्कार. आमच्याकडे शाल-नारळ देतात, आणि नारळसुद्धा हातात देतात.

मॅच पाच वाजून आठ मिनिटांनी सुरू झाली. स्कोअरकडे माझं लक्ष नव्हतं. सातव्या इनिंगला त्यांची टीम पाच-एकने मागे होती आणि दोन जण आऊट होते. सात वाजून पाच मिनिटांनी मी उठून आत गेले. सात सोळाला चहा घेऊन परत आले. आठव्या इनिंगला त्यांच्या टीमने पाच रन केले. आठ वाजून एकोणीस मिनिटांनी शेवटचा झेल घेतला आणि मॅच संपली.

त्यानंतर घरात जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. हे खुर्चीतून असे उठले की जणू गुडघे कोणा दुसऱ्याचे आहेत. नाचले. टोपी पंख्यावर फेकली. नकुल भोकाड पसरून रडत होता आणि "बाबा, जिंकलो, बाबा" एवढंच म्हणत होता. दोन मिनिटांत हे दमून पुन्हा खुर्चीत बसले आणि नकुल पॅटिओकडे धावला. त्याने बाहेरच झाकण काढलं, कूलर उचलून आणला आणि मागून येऊन ह्यांच्या डोक्यावर उपडा केला. आधी पाणी आलं, मग बर्फ, मग गणपती.

शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून पुढीलप्रमाणे ऐकलं: पुरुषांचा आरडाओरडा, मग म्हाताऱ्या बाईचं "स्टॉप, स्टॉप", मग धप्प असा आवाज. त्यांनी पोलिसांना फोन केला. एरवी आमच्या फोडणीच्या वासावरून त्या असोसिएशनला पत्रं लिहितात. काल प्रथमच कामाचं काही केलं. ऑफिसर आले तेव्हा नकुल गुडघ्यांवर बसून ह्यांच्या डोक्याला टीमचा टॉवेल दाबून धरत होता आणि "आय डिड धिस, आय डिड धिस" म्हणत होता. अशा वेळी तोंड बंद ठेवायचं असतं, एवढी अक्कल त्याला नाही.

पतींचा जबाब घेता आलेला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, मेंदूला मार लागून हादरा बसला आहे, दोनतीन दिवसांत उतरेल. तूर्त ह्यांना सातव्या इनिंगच्या पुढचं काहीही आठवत नाही. डोळा लागतो, जागे होतात आणि विचारतात, "काय गं, हरलो ना?" मी सांगते, "जिंकलात." मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आठव्या इनिंगला तिन्ही बेसवर माणसं उभी, मग पार प्रेक्षकांत गेलेला तो उंच बॉल, आणि नवव्याला डावीकडच्या पोराने धावत जाऊन, भिंतीवर आपटून, खाली पडूनही चेंडू सोडला नाही तो झेल. ह्यांचे डोळे भरून येतात, माझा हात धरतात, पुन्हा झोपतात. उठले की पुन्हा, "हरलो ना?" आज सकाळपर्यंत सहा वेळा झालं. सहाही वेळा ह्यांना तितकाच आनंद झाला. सीमाने एकदा सांगून पाहिलं, पण तिने भिंतीचा भाग गाळला, त्यामुळे ह्यांचं समाधान झालं नाही.

मला विचारल्यावरून सांगते की, पाणी ओतण्यापूर्वीच मी "स्टॉप" का ओरडले, हे वरील मजकुरात आलेलं नाही. ते मी मुद्दाम गाळलं आहे. काल ऑफिसरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की, मी आतून येत होते, मला काही दिसलं नाही. ते खोटं आहे. मी ह्यांच्या शेजारी उभी होते. समोर सीमा होती, जावई होता, आणि माझ्याने खरं सांगवलं नाही. त्या लाजेपायी तो माणूस तेरा तास इथे बसला आहे.

सात पाच ते सात सोळा या अकरा मिनिटांत मी चहा केला नाही. चहा आधीच केलेला होता, तो गरम केला. मी वर जाऊन देवघरातले तिन्ही देव उचलले आणि पाण्यात ठेवले. देवांग यांना हे समजावून सांगावं लागलं. एखादं काम फार अडलं की आमच्यात देव पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत त्यांनी पाण्यात राहायचं, झालं की बाहेर काढायचं, पुसायचं, पूजा करायची. देवांग म्हणाले, "काकू, लाइक होस्टेजेस?" मी म्हटलं, बाबा, लिही तुला काय लिहायचं ते.

पातेल्यात ठेवले असते तर स्वयंपाकघरात कोणाच्याही नजरेला पडले असते आणि चाळीस वर्षं ह्यांना जे बोलत आले ते सगळं माझ्याच तोंडावर आलं असतं. झाकणाचं मोठं भांडं घरात एकच होतं, पॅटिओबाहेरचा तो कूलर, आणि टीव्हीवरून कोणाची नजर हलत नव्हती. पाणी फार गार होतं. बर्फ हाताने बाजूला करून तिघांना तळाशी नीट बसवलं आणि बर्फ पुन्हा वर ओढला. कूलरच्या तळाला तांबूस ओघळ दिसेल, ते रक्त नाही, गणपतीचं कुंकू आहे. तपासून घ्यावं. शेवटचा झेल झाल्यावर मी देव काढायलाच निघाले होते, पण माझे गुडघे आणि नकुलचे गुडघे यांत फरक आहे. तो कूलर उचलून आत येताना दिसला तेव्हा मी ओरडले. आनंदात त्याला ऐकू आलं नाही.

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सोफ्याखाली गेले होते. ऑफिसर यायच्या आत मी त्यांना उचलून स्वेटरच्या खिशात टाकलं. गणपती मला सापडला नाही, तो ऑफिसरांना सापडला. हे दोघे मी आत्ता देवांग यांच्या टेबलावर ठेवले आहेत. तिघे एकाच देव्हाऱ्यातले आहेत, माझ्या आईकडचे. पंचनामा करावा, पण रुमालावर ठेवून करावा.

मला विचारल्यावरून सांगते की, या खेळात मला काडीचा रस नाही. सातव्या इनिंगला दुसरा माणूस आऊट झाला तेव्हा ह्यांनी टोपी काढून टीपॉयवर ठेवली. मी ते नेहमीचं वाक्य येईल म्हणून वाट पाहत होते. पुढच्या वर्षी बघू, असं हे म्हणाले नाहीत. ऑगस्टमध्ये हार्टच्या डॉक्टरांनी ह्यांना काय सांगितलं ते या जबाबात यायचं कारण नाही. मी उठून वर गेले, एवढंच.

नकुल यांनी कोणालाही मारलेलं नाही. तो खुळा आहे, पण ह्यांना कधी उलट शब्द बोललेला नाही. ज्या कूलरमध्ये आपणच पाणी भरलं त्यात सासू देव ठेवील हे कोणाच्या बापाला कळणार? ऑफिसरांना कोणाला तरी इथे बसवायचंच असेल तर मी आहे. गणपती पुराव्याच्या पिशवीत आहे असं कळतं. तो संध्याकाळच्या पूजेच्या आत परत मिळावा, कारण त्याचं काम झालेलं आहे.

हा सर्व मजकूर मी देवांग यांना मोठ्यांदा वाचून दाखवला, त्यांनी तो इंग्रजीत उतरवला. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. कूलरचा भाग वाचत असताना तिथून जावयांच्या हसण्याचा आवाज आला, टोपीच्या भागाला नाक ओढल्याचा आला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे, कोणाच्या दबावाने लिहिलेलं नाही. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे: सातव्या इनिंगच्या ओळीत 'आपली टीम' खोडून 'त्यांची टीम' केलं आहे, ते पहिल्यासारखं वाचावं. सही करते आहे. मला आता सोडावं, घाई आहे. हे जागे झाले असतील, आणि सीमा पुन्हा भिंत विसरेल.

सही: आसावरी त्र्यंबक बारटक्के